'वापर' हा कॉलम रिकामा सोडू नकोस

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, फोटो पण सगळे बघितले, झूम करकरून, चष्मा वर-खाली करत. फोंड्याच्या त्या जुन्या घरातली पेटी तुझ्याच वाट्याला आली हे बरंच झालं, दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर दोन दिवसांत लिस्ट टाईप करून मोकळा झाला असता आणि पेटी परत माळ्यावर. तू निदान विचारलंस तरी, की मॅडम, यातल्या बाळंतपणाच्या वस्तू नेमक्या कुठल्या धरायच्या आणि रजिस्टरमध्ये काय लिहायचं.

आधी माझी फजिती सांगते. संग्रहालयात नोकरीला लागले तेव्हा माझ्या हातात चांदीचं एक छोटंसं भांडं आलं, मुठीत मावेल एवढं, एका बाजूला बारीक नळी. मी झटकन लिहून टाकलं, "लहान झारी, चांदी, पूजेचं उपकरण". नंबर दिला, कपाटात ठेवलं, विषय संपला. ते तसंच राहिलं कितीतरी वर्षं, प्रदर्शनात सुद्धा मांडलं आम्ही, समई आणि पंचपाळ्याच्या मधोमध. मग एकदा एक म्हातारी आजी नातीबरोबर आली, काचेला नाक लावून बघत बसली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "देवाचें न्हय गो बाये, भुरग्याचें हें. बोंडलें." आणि हाताचा पाळणा करून, त्यात नसलेल्या बाळाच्या ओठाच्या कोपऱ्याला नळी लावून दाखवली, मधे नाही हं, कोपऱ्याला, म्हणजे दूध घशात एकदम जात नाही आणि ठसका लागत नाही. मी कपाट उघडून ते परत बाहेर काढलं. भिंगाखाली धरलं तर नळीच्या टोकाला दोन बारीक खळगे. दुधाच्या दातांचे! चांदी मऊ, दात नवे, बाळ चावणारच की. एवढी वर्षं ते खळगे तिथेच होते आणि मी त्याला देवघरात बसवून मोकळी झाले होते.

तर वस्तूचं नाव, धातू, उंची, वजन हे सगळं लिहिशीलच, ते कोणीही लिहितं. 'वापर' म्हणून जो कॉलम असतो, ज्यात आपण सगळे "घरगुती" असा एक शब्द टाकून पुढे जातो, तो मात्र भरायचा. कोणी वापरलं, कसं धरलं, दिवसातून कितीदा, बाळ कितव्या महिन्याचं असताना. आणि हे पेटीत मिळत नाही, माणसांना विचारावं लागतं, त्यातही घरातल्या बायकांना. पुरुष मंडळी पेटी देताना घराण्याचा इतिहास सांगतात, तो ऐकून घे, चहा पी, आणि मग स्वयंपाकघराकडे सरक.

आता तुझ्या फोटोंबद्दल.

ती लाकडी पिपाणी तू खेळण्यात टाकली आहेस, ती काढ तिथून. ते पिनार्ड आहे, पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचं. आदोल्फ पिनार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९५ च्या सुमारास तो आकार पक्का केला, रुंद तोंड आईच्या पोटावर, चपटी बाजू सुईणीच्या किंवा डॉक्टरच्या कानाला. वापरताना एकदा कान टेकला की हात काढून घ्यायचा, नुसत्या डोक्याच्या भाराने ते धरायचं, कारण बोटांची हालचाल आत मोठ्ठी ऐकू येते. मग घड्याळ बघत ठोके मोजायचे, मिनिटाला ११० ते १६० च्या मधे असतील तर बाळ ठीक. आपल्याकडच्या खेड्यापाड्यातल्या नर्सबाई आत्ताआत्तापर्यंत असंच काहीतरी वापरत होत्या, बॅटरी लागत नाही, लाईट गेली तरी चालतं. तुझ्या पीसची चपटी बाजू गुळगुळीत झाली आहे आणि लाकडाचा रंगही तिथे गडद आहे बघ, ते कानाचं आणि केसाच्या तेलाचं काम. पॉलिश करू नकोस. प्लीज.

काचेची ती चपटी बाटली, जिला रबराची लांब नळी आहे (होती म्हणू, आता तुकडेच उरलेत), ती विलायती. एकोणिसाव्या शतकात ही फार फॅशनेबल होती, कारण बाटली बाजूला ठेवायची, नळी बाळाच्या तोंडात द्यायची आणि आई दुसऱ्या कामाला मोकळी, बाळ आपलं आपण चोखत पडलंय. पण ती नळी आतून साफच व्हायची नाही, त्यात दूध नासायचं, जंतू वाढायचे, आणि मुलं जुलाबाने जायची, इतकी की इंग्लंडात तिला खुनी बाटली म्हणायला लागले आणि फ्रान्सने तर १९१० मध्ये कायदाच करून लांब नळीच्या बाटल्या बंद केल्या. मग होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना उघडी बाटली चालायला लागली, पाणी आरपार जातं म्हणून. आता याच्या शेजारी आपलं बोंडलं ठेवून बघ, उघडं तोंड, आखूड नळी, राख लावून घासता येतं. आजही दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळाला वरचं दूध द्यायचं तर हॉस्पिटलात बाटली टाळून वाटी-चमच्यानेच पाजायला सांगतात ना. मला आजीबाईच्या बटव्याचं कौतुक करायचं नाहीये, पण या एका बाबतीत बोंडलं जिंकलं असं माझं मत आहे.

कौतुक करायचं नाहीये म्हटलं त्याचं कारण पेटीतच आहे. ती छोटी सहाण बघ, मधे खोलगट झालेली. ती बाळघुटीची. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, खारीक, एकेकाचे मोजून वळसे द्यायचे, कशाचे दोन, कशाचा अर्धाच, आणि ते माप आईकडून मुलीकडे तोंडीच जायचं. खड्ड्याच्या एका बाजूला झीज जास्त आहे, म्हणजे घासणारी बाई एकाच दिशेने जोर द्यायची. हे लिही. पण हेही लिही की घुटीत कधीकधी अफू जायची. मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन जायच्या, दहा-बारा तास मूल गप्प राहावं म्हणून, आणि आपल्या गोव्यातून मुंबईला पोटासाठी गेलेल्या बायका काय कमी होत्या. अमेरिकेत तर मुलांना शांत करायच्या सिरपमध्ये मॉर्फिन घालून बाटल्या राजरोस विकायचे. अडाणी बाई आणि शहाणी कंपनी, दोघींनी एकच केलं, पण लेबल लिहिताना आपण एकीला अंधश्रद्धा म्हणतो आणि दुसरीला औषधाचा इतिहास. तू असं करू नकोस. आता डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात, घुटी पण नको, ते सरळ लिहून टाक म्हणजे कोणी तुझं लेबल वाचून घरी सहाण काढणार नाही.

दूध पावडरचा पत्र्याचा डबा, गुबगुबीत बाळाचं चित्र असलेला, तो गंजलाय म्हणून टाकायचा का असं विचारलंस. वेडी आहेस का! १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे अशा डब्यांवर बाळाचं चित्र छापायला बंदी आली, जाहिरात करायलाही. म्हणजे हा डबा त्याच्या आधीचा. नुसतं चित्र बघून तारखेची एक बाजू पक्की झाली तुझी.

अडलेलं बाळ ओढून काढायच्या त्या चिमट्याबद्दल फार लिहीत नाही, तो फोटो बघून माझ्याच पोटात कळ आली. एवढंच, की हे अवजार चेंबरलेन नावाच्या घराण्याने शंभरावर वर्षं गुपित ठेवलं होतं, आणि त्यांचे मूळ चिमटे १८१३ मध्ये एसेक्समधल्या एका घराच्या फरशीखाली सापडले. विद्या लपवायचा रोग फक्त आपल्याकडच्या वैद्यांना होता असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला मला मजा येते.

तुझा चिमटा बहुतेक पणजीच्या जुन्या मेडिकल स्कूलमधून शिकलेल्या कोणा डॉक्टरचा असणार, घरात डॉक्टर होते म्हणालीस ना. १८४२ मध्ये सुरू झालेली ती शाळा, एस्कोला मेदिको. बिल्डिंग तुला माहीत आहे, फिल्म फेस्टिवलला जिथे सगळे फोटो काढत उभे असतात ती, जुनं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. पेशंट कधीचे बांबोळीला गेले. डॉक्टरांची अवजारं मात्र टिकली, कारण ती स्टीलची, डब्यातली, नाव कोरलेली.

आणि वयजिणीचं, म्हणजे गावच्या सुईणीचं, काय टिकलं? पोर्तुगीज कागदात डॉक्टर आहे, शिकलेली पार्तेयरा म्हणजे सुईण आहे, पण गावातली अर्धी लोकसंख्या जिच्या हातावर जन्माला आली त्या वयजिणीचा शेल्फ कुठल्याही संग्रहालयात रिकामाच असतो. तिची अवजारं म्हणजे खोबरेल तेल, दोरा, गरम पाणी आणि तिचे हात. नाळ कापायला जे मिळेल ते, ब्लेड, सुरी, बांबूची चिपटी. त्यातूनच धनुर्वात व्हायचा, बाळ पहिल्या आठवड्यात आखडायचं आणि जायचं. सहाव्या रात्री सटी जागवायची, दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला एकटं ठेवायचं नाही, हे सगळं त्याच दिवसांतलं, मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत, ती भीती उगाच आलेली नव्हती. आपल्या देशातून बाळांचा धनुर्वात हटला असं २०१५ मध्ये जाहीर झालं, म्हणजे तू शाळेत होतीस तेव्हा, इतकं अलीकडचं आहे हे. म्हणून पेटीतला तो दोऱ्याचा गुंडा आणि गंजकं ब्लेड "इतर किरकोळ" मध्ये ढकलू नकोस. कदाचित पेटीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच असेल, विचारून बघ घरच्यांना. आणि तांब्याचं भाण त्यांनी न्हाणीत ठेवून घेतलंय म्हणतेस, ते देत नसतील तर नको देऊ देत, पण फोटो काढ, माप घे. बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी त्यातच तापायचं, ते पण याच यादीतलं.

कपड्यांना हात लावायच्या आधी मला फोन कर. एकदा आमच्याकडे एका उत्साही मुलीने कुंची आणि दुपटी धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून आणली होती, बिचारीला वाटलं मी शाबासकी देईन. दुपट्यावर तेलाचे, हळदीचे, दुधाचे डाग होते, ते गेले. दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचं, काठ तसाच ठेवलेला, एवढंच आता त्यावर वाचता येतं.

बाकी टेक्निकल दोन-चार गोष्टी, घाईत लिहिते. रबर आणि चांदी एका डब्यात अजिबात ठेवायची नाही, रबरात गंधक असतं, ते सुटत राहतं आणि वाळे, मनगट्या, बोंडलं सगळं काळं पडतं. तुझ्या फोटोत निपल आणि वाळे एकाच प्लास्टिकच्या पिशवीत दिसतायत, हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं ते काम कर. तो रंगीत खुळखुळा सेल्युलॉइडचा वाटतोय, ते जुनं झालं की त्यातून ॲसिडची वाफ येते आणि पटकन पेटतं पण, तेव्हा वेगळा, हवेशीर, दिव्यापासून लांब. आपल्या पावसाळ्यात कापडाला बुरशी यायला आठ दिवस पुरतात, आत्ताच सिलिका जेल मागून घे, ऑफिसात फाईल फिरायला महिना लागतो. नंबर थेट वस्तूवर पेनाने नको, आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा थर, त्यावर शाई, आणि कपड्यांना सुती पट्टी टाचून.

त्या आजींचं सांगायचं राहिलं. बोंडलंवाल्या. त्या आहेत अजून, म्हार्दोळला लेकीकडे असतात, कान गेलेत पण आठवण लख्ख. सकाळी दहाच्या आत जा, जेवल्यावर त्या झोपतात. ती सहाण घेऊन जा, फोटो नको, खरी सहाण, परवानगीचं मी बोलते वरती. हातात दे आणि गप्प बसून रेकॉर्डिंग चालू ठेव. आणि वेखंडाचे वळसे किती ते विचार, मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा विसरले.

तुझी,
मॅडम