हिमदंशाने पायाची बोटं गेल्यावर धड चालता येतं का?

ट्रेकमध्ये तुमच्या भावाच्या दोन्ही पायांची बोटं गोठली, आता ती काळी पडलीत, महिना होत आला तरी डॉक्टर कापत नाहीत आणि पुढे तो चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी फौजेत होतो. सियाचीनच्या थंडीने माझ्या डाव्या पायाची पाचही बोटं नेली, त्याला बारा वर्षं झाली. मी चालतो, शेतात कामही करतो.

डॉक्टर थांबलेत ते बरोबर आहे. काळं दिसतं ते सगळं मेलेलं नसतं. वरचं टरफल सुकून निघतं आणि खाली कधी कधी गुलाबी कातडी सापडते. जिवंत आणि मेलेल्या भागातली रेघ स्पष्ट व्हायला १ ते ३ महिने लागतात. माझ्या उजव्या पायाचीही तीन बोटं जाणार असं मी धरून चाललो होतो, गेले फक्त शेंडे. पण पू, घाण वास किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

चालण्याचं बरंचसं अंगठ्यावर ठरतं. पाऊल उचलताना शेवटचा रेटा तोच देतो. करंगळी नसली तरी निभतं, अंगठा नसला की उतारावर आणि पळताना तोल जातो. मला बुटात पुढे भराव आणि खाली कडक तळ करून दिला, तेव्हा कुठे चाल सुधारली. पोटरी आखडते, म्हणून भिंतीला हात टेकून रोज ताण द्यायचा. इटलीचा गिर्यारोहक रेनहोल्ड मेस्नर, त्याची १९७० मध्ये नंगा पर्वतावर पायाची सात बोटं गेली आणि १९८६ पर्यंत त्याने जगातली आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं चढली. खडकावरची चढाई मात्र त्याला पूर्वीसारखी जमली नाही.

बोटांपेक्षा मला जास्त छळलं ते उरलेल्या पायाने. रात्री तळव्यांची आग होते, घाम येतो, साताऱ्याची जानेवारीतली थंडीसुद्धा ठणका लावते. आग कमी करायला नसांच्या दुखण्याच्या गोळ्या मिळतात, भावाला त्या मागायला लावा. तंबाखू आणि बिडी पूर्ण बंद, त्याने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. आणि शेकोटीवर किंवा गरम पिशवीवर पाय ठेवू देऊ नका, कारण भाजलेलं कळत नाही. माझ्या तळव्यात बाभळीचा काटा दिवसभर होता, संध्याकाळी मोजा लाल झालेला बघितला तेव्हा समजलं. तेव्हापासून झोपायच्या आधी आरसा खाली धरून दोन्ही तळवे बघतो.