सुटून आलेला माणूस परत तसंच करेल का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मॅडम, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. एक जण पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) शिक्षा भोगून आमच्या सोसायटीत आईवडिलांकडे परत आलाय. ग्रुपवर सगळे म्हणतायत ही माणसं परत करणारच, फ्लॅट खाली करायला लावा. खरंच परत करतात का?

उत्तर: बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणानंतर आपल्या ठाणे जिल्ह्यात हा विषय निघाला तरी पालकांच्या पोटात गोळा येतो, तुमची भीती मला कळते. पण "करणारच" हे खरं नाही. हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्जों या कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये ८२ अभ्यास एकत्र तपासले, त्यात पाचसहा वर्षांत परत लैंगिक गुन्ह्यात सापडलेले साधारण १४ टक्के निघाले. आता हे फक्त सापडलेले हां, पुष्कळ मुलं तोंडच उघडत नाहीत त्यामुळे खरा आकडा जास्तच असणार, आणि हे आकडे बाहेरच्या देशांतले आहेत. तरी सगळ्यांचा धोका सारखा नसतो हे नक्की. तो मोजायला १९९९ मधलं स्टॅटिक-९९ नावाचं साधन आहे, त्यात १० गोष्टी बघतात, सुटताना वय किती, आधी असे गुन्हे होते का, पीडित अनोळखी होता का, मुलगा होता का वगैरे. तरुण वय, आधीचे गुन्हे, अनोळखी पीडित असं सगळं जमलं की धोका चढतो, वय वाढलं आणि बरीच वर्षं गुन्ह्याशिवाय गेली की उतरतो. चेहरा, बोलणं, शिक्षण यातलं काहीच त्यात मोजत नाहीत. आणि ज्याला घर नाही, काम नाही, जवळचं कोणी नाही त्याचं आयुष्य जास्त अस्थिर होतं, हाकलून दिलात तर तो जिथे कुणीच ओळखत नाही तिथे जाईल, तिथेही लहान मुलं असतातच ना. त्यापेक्षा पोलीस स्टेशनला बोला, त्याला सोसायटीत मुलांच्या क्लासचं, खेळाचं कुठलंच काम देऊ नका, मुलं त्याच्यासोबत एकटी नकोत.

प्रश्न: अमेरिकेसारखी लैंगिक गुन्हेगारांच्या नावांची लिस्ट आपल्याकडे सगळ्यांना का दाखवत नाहीत? (नेरूळ)

उत्तर: लिस्ट आहे, सप्टेंबर २०१८ पासून, पण फक्त तपास यंत्रणांसाठी, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये नोंदलेल्या बलात्कारांत ९६ टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे होते. काकाचं नाव लिस्टमध्ये झळकलं की पुतणी कोण हे अख्ख्या गल्लीला कळणार, आणि मग घरातलेच तक्रार दाबतील.

प्रश्न: माझ्या चुलत दिराने नणंदेच्या मुलीला त्रास दिला होता. घरातल्या घरात मिटवलं, तो खूप रडला, पाया पडला. आता गणपतीत सगळे गावी एकत्र झोपणार, सासूबाई म्हणतात झालं गेलं विसरा. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. (ऐरोली)

उत्तर: ताई, रडण्यावर जाऊ नका. गुन्हा कबूल केला की नाकारला, यावरून तो परत करेल का हे फारसं सांगता येत नाही असंच अभ्यासांत दिसलंय. तो येणार असेल तर तुम्ही मुलीला घेऊन जाऊ नका, सासूबाईंशी वाईटपणा आला तरी चालेल. दुसरं, हे घरात मिटवायचं प्रकरणच नव्हतं. त्या वेळी नणंदेची मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवायचंच असतं, तुम्हीसुद्धा. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे पुढचं सांगतील. आणि नणंदेच्या मुलीशी कुणी बोललंय का? तुमच्या पत्रात सगळ्यांचं आहे, तिचं काहीच नाही. आधी तिला भेटा.