भाव बघण्याआधी

शिवाजी पार्क, मुंबई

चि. मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतची वीस खेळाडूंची यादी मिळाली. यंदाच्या ओपन या गोल्फ स्पर्धेसाठी तू तयार केलेली ही यादी मी दोनदा वाचली. प्रत्येक नावापुढे तू परदेशी बुकींचा भाव (एक रुपया लावून तो जिंकला तर किती रुपये हाती येतील तो आकडा) लिहिला आहेस आणि त्यापुढे स्वतःचे मत दिले आहेस. परंतु तुझे मत एकाही ठिकाणी भावाच्या विरोधात गेलेले नाही. ज्याचा भाव सर्वांत कमी तो तुला सर्वांत भरवशाचा वाटतो आणि ज्याचा भाव दीडशेच्या वर गेला त्याच्यात तुला काहीच दम दिसत नाही. तू भावांचा उतारा केला आहेस, त्याला अभ्यास म्हणता येणार नाही. हे कडक वाटेल, पण तू स्पष्ट बोला म्हणाला होतास.

आधी पैशांचे बोलून घेऊ. आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आणि महालक्ष्मीवर परवान्याच्या चौकटीत पैसे लावता येतात. गोल्फला ती सोय नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने तर पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले. म्हणून मी येथे जे सांगतो आहे ते वहीपुरते आहे. तुझ्या मोबाइलमधले ते परदेशी अॅप काढून टाक. वही मात्र अशा शिस्तीने ठेव की प्रत्येक नोंदीमागे खरे पैसे गेले आहेत असे समजूनच ती लिहिली जाईल.

आता मैदान. रॉयल बर्कडेल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, साउथपोर्ट गावाजवळ आहे आणि १६ ते १९ जुलै २०२६ या चार दिवसांत तेथे ओपन होईल. तू मैदानाची लांबी, पार ७० (एका फेरीत अपेक्षित असलेले फटके; जितके कमी तितके चांगले) आणि बंकरांची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांची, जागा हे सारे उतरवून काढले आहेस, ते राहू दे; परंतु माझ्या मते पहिल्या पानावर दोनच आकडे असावेत. २००८ साली याच मैदानावर पॅड्रिग हॅरिंग्टन पारपेक्षा ३ फटके अधिक खेळून जिंकला, तेही चार फटक्यांच्या फरकाने. २०१७ साली जॉर्डन स्पीथ पारपेक्षा १२ फटके कमी खेळून जिंकला आणि त्याच आठवड्यातल्या शांत हवेच्या शनिवारी ब्रँडन ग्रेसने ६२ फटक्यांत फेरी संपवली, जी पुरुषांच्या मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या, स्पर्धांतली ६२ ची पहिलीच फेरी होती. दोन विजेत्यांमध्ये १५ फटक्यांचे अंतर पडले, आणि ते मुख्यतः वाऱ्याने पाडले. २०१७ नंतर तेथे काही होल नव्याने आखले आहेत, त्यांचे नकाशे अवश्य बघ; पण जे मैदान वाऱ्याप्रमाणे पंधरा फटक्यांनी बदलते, तेथे हवामानाचा अंदाज न बघता खेळाडू निवडणे म्हणजे जुलै महिन्यात छत्री न घेता घराबाहेर पडण्यासारखे आहे.

हा वारा कसा वाचायचा, ते मला चेंबूरच्या मैदानावर एका वयस्क कॅडीने, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्याने, शिकवले. विमा कंपनीत नोकरीला असताना साहेबांच्या पाहुण्यांबरोबर मला तेथे अधूनमधून जायला मिळे. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवर, उभा राहिलेला प्रत्येक जण चिमूटभर गवत उडवून ते कोणीकडे जाते ते बघे. हा गृहस्थ मात्र त्या गवताकडे ढुंकूनही बघत नसे. मान वर करून तो दूरच्या माडांच्या झावळ्या बघायचा आणि मग बॅगेतून क्लब काढायचा. एकदा मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, गवत तुमच्या कमरेचा वारा सांगतं, चेंडू जातो तो माडाच्या डोक्यावरून.” बर्कडेलला हे वाक्य अधिकच लागू पडते, कारण तेथील फेअरवे, म्हणजे टीपासून होलकडे नेणारे कापलेल्या गवताचे भाग, वाळूच्या उंच टेकड्यांमधल्या सपाट पट्ट्यांत आहेत. टीवर खेळाडूला आडोसा मिळतो, फटका टेकडीच्या वर चढतो आणि आयरिश समुद्रावरून येणारा वारा त्याला तेथे गाठतो. त्यामुळे चेंडू खालून, दाबून मारता येणे ही तेथे निम्मी लढाई आहे. सपाट फेअरवेमुळे एक फायदाही होतो: इतर काही किनारी मैदानांवर चांगला फटकाही उंचवट्यावर आपटून भलतीकडे उडतो, तसे येथे कमी होते, म्हणून अचूक खेळणाऱ्याला त्याच्या कष्टाचे दाम मिळते. ही मैदानाची नोंद खेळाडूच्या नोंदीला जोडायची असते. तुझ्या वहीत ती दोन वेगळ्या पानांवर एकमेकींशी न बोलता बसली आहे.

ओपनमध्ये १५६ खेळाडू असतात आणि पहिल्या दोन दिवशी सगळे पहिल्याच टीवरून सुरुवात करतात; पहाटे साडेसहाच्या सुमारास पहिला गट निघतो, शेवटचा दुपारी चारच्या आसपास. गुरुवारी सकाळी खेळणारा शुक्रवारी दुपारी खेळतो आणि गुरुवारी दुपारी खेळणारा शुक्रवारी सकाळी. २०१० मध्ये सेंट अँड्रूजला रोरी मॅक्लरॉयने गुरुवारी ६३ ची फेरी केली आणि शुक्रवारी दुपारच्या वाऱ्यात त्याचे ८० फटके झाले. लुई ऊस्थेझन शुक्रवारी भल्या सकाळीच खेळून गेला होता. तो पुढे सात फटक्यांनी जिंकला. ऊस्थेझनचा खेळ उत्तमच होता, पण वेळापत्रकाने त्याला हात दिला हेही खरे. म्हणून वेळा जाहीर झाल्यावर त्यांच्या शेजारी तासागणिक वाऱ्याचा अंदाज मांडावा, आणि दोन गटांत मोठा फरक दिसला तर आपले आकडे बदलायला लाजू नये. फरक किरकोळ दिसला तर ते बदलू नयेत, कारण अंदाज हा शेवटी अंदाजच.

खेळाडूंच्या बाबतीत तू अमेरिकेतल्या गेल्या पाच स्पर्धांतले क्रमांक लिहिले आहेस. तू मुंबईच्या पावसाळी क्रिकेटची कांगा लीग बघत मोठा झालास म्हणून विचारतो: वानखेडेच्या पाटा खेळपट्टीवर दोन शतके ठोकलेला फलंदाज पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवताच्या मैदानावर टिकेलच, असे तू म्हणशील का? मऊ, पाणी दिलेल्या अमेरिकी मैदानांवर उंच मारलेला चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडून जागीच थांबतो. किनाऱ्यावरच्या कठीण जमिनीवर तो चाळीस पावले आधी टाकून घरंगळत न्यावा लागतो. ग्रीनही तेथे मुद्दाम थोडी संथ ठेवतात, कारण फार वेगवान केली तर वाऱ्यानेच चेंडू हलू लागतात. २०१५ मध्ये सेंट अँड्रूजला याच कारणाने शनिवारचा खेळ कित्येक तास थांबवावा लागला होता. अतिवेगवान ग्रीनवर पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घरंगळवण्यात, चमकणाऱ्याचा तो गुण येथे तितका कामी येत नाही.

क्रमांकांऐवजी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ हे मोजमाप वापर. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी ते विकसित केले. कल्पना सोपी आहे. ३३ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूला चेंडू होलमध्ये घालायला सरासरी दोन पट लागतात आणि ८ फुटांवरून दीड. ३३ फुटांवरून एकाच पटमध्ये चेंडू गेला तर एक फटका कमावला, ८ फुटांवरून गेला तर अर्धा. असे प्रत्येक फटक्याचे खाते मांडले की कोण कशावर कमावतो ते दिसते. ब्रोडी यांच्या हिशेबात सर्वोत्तम खेळाडूंच्या आघाडीचा सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या अप्रोच फटक्यांचा होता, पटिंगचा जेमतेम १५ टक्के. पटिंगचा हात आठवड्यागणिक चढतो-उतरतो; अप्रोचची धार सहसा महिनोन्‌महिने टिकते. तेव्हा एखाद्याने गेल्या महिन्यात केवळ पटिंगच्या जोरावर स्पर्धा जिंकली असेल तर त्याच्याविषयी थोडे सावध राहावे, आणि जो अप्रोचमध्ये सातत्याने कमावतो पण पटिंगमध्ये गमावून विसाव्या क्रमांकावर राहतो त्याच्या नावाखाली रेघ ओढावी.

कॉलिन मोरिकावाचे उदाहरण मला फार आवडते. २०२१ मध्ये तो स्कॉटिश ओपनमध्ये खूपच मागे राहिला. क्रमांक बघणाऱ्यांनी त्याला तेथेच खोडले. किनाऱ्यावरच्या जमिनीवर आपले लोखंडी क्लब चेंडूला नीट भिडत नाहीत, हे त्या आठवड्यात त्याच्या ध्यानात आले, त्याने त्यांतले काही बदलले आणि पुढच्याच आठवड्यात पहिल्यांदाच ओपन खेळताना ती जिंकली. म्हणून आदल्या आठवड्यातल्या निकालाबरोबरच त्या आठवड्यातल्या मुलाखती वाचाव्यात.

आपल्या माणसांविषयी एक शब्द. शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनमध्ये संयुक्त आठवा आला, अनिर्बान लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा. अभिमान जरूर बाळग. टक्केवारी लिहिताना तो बाजूला ठेव.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि यासाठीच हे पत्र एवढे लांबले. स्वतःचा आकडा शाईने वहीत लिहून झाल्याशिवाय भाव बघायचा नाही. मी हे महालक्ष्मीवर शिकलो. तरुणपणी एका शर्यतीसाठी मी आठवडाभर अभ्यास केला होता आणि एका घोडीच्या जिंकण्याची शक्यता फार तर १२ टक्के, असे मनाशी ठरवले होते. मनाशी ठरवले होते, लिहिले नव्हते. बुकी बसतात त्या रिंगमध्ये पोहोचलो तेव्हा तिचा भाव दहा होता; बघता बघता तो पाचावर आला. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली, कोणाला तरी आतली बातमी आहे असे सर्वांनाच वाटू लागले, आणि माझे १२ टक्के दहा मिनिटांत ३० टक्के झाले. खिशात त्या दिवशी नुकताच झालेला पगार होता. घोडी सहावी आली. दादरला उतरल्यावर घरी काय सांगायचे याचा विचार करत मी प्लॅटफॉर्मच्या बाकावर बराच वेळ बसलो होतो. भाव नजरेला पडला की डोके त्याच्याभोवती कारणे विणू लागते. तुझ्या वीस नावांच्या यादीत नेमके तेच झाले आहे.

आकडा लिहून झाल्यावर भावाचा हिशेब करायचा. १०० ला भावाने भागले की त्या भावातली टक्केवारी निघते. २६ चा भाव म्हणजे ३.८५ टक्के. अशी सर्व १५६ जणांची बेरीज केलीस तर ती १०० येणार नाही. समजा १३० आली, तर वरचे ३० म्हणजे आमच्या विम्याच्या भाषेत लोडिंग, बुकीच्या पोटापाण्याची सोय. ते वजा केले की तोच खेळाडू बाजाराच्या मते सुमारे ३ टक्क्यांचा उरतो. तू त्याला साडेतीन टक्के दिले असशील तर तुझे मत बाजारापेक्षा चढे आहे, आणि तरीही २६ चा भाव घेणे तोट्याचे आहे, कारण साडेतीन टक्क्यांना निदान २८.६ चा भाव हवा. हे गणित नीट पचवायला मला काही वर्षे लागली. शिवाय लोडिंग सर्वांवर सारखे नसते. लांबच्या भावांवर ते बहुधा अधिक चढवलेले असते, त्यामुळे दोनशेचा भाव दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. २००३ मध्ये जागतिक क्रमवारीत ३९६ वा असलेला बेन कर्टिस ओपन जिंकला, हे सर्वांना आठवते. त्याच्यासारखे जे कधीच जिंकले नाहीत त्यांची यादी कोणी ठेवत नाही.

पहिल्या पाचांत येण्यावर लावलेल्या भावाची नोंद करताना बरोबरीचा नियम विसरू नकोस. पाचव्या स्थानावर चौघे बरोबरीत आले तर एका जागेचे चार वाटे होतात आणि लावलेल्या रकमेचा पाव भागच जिंकलेला धरतात. गोल्फमध्ये अशी बरोबरी नेहमीची आहे.

आणि विजेता चुकला म्हणून वही फाडू नकोस. ज्याला तू ४ टक्के दिलेस तो २५ पैकी २४ वेळा हरणारच, आणि मेजर स्पर्धा वर्षाला चारच असतात. २५ संधी यायला सहा वर्षे लागतील. तोवर दुसरी कसोटी लाव: सोमवारी तू लिहिलेला आकडा आणि गुरुवारी पहिला गट निघण्याआधीचा शेवटचा भाव यांची तुलना कर. बाजार वारंवार तुझ्या आकड्याकडे सरकत असेल तर तुझी नजर बरोबर आहे.

वेळा जाहीर झाल्या की बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये. माझे वीस आकडे मी पाकिटात बंद करून ठेवणार आहे, तूही तुझे तसेच आण. यादीवर भाव नकोत, फक्त नाव, टक्केवारी आणि एका ओळीत कारण. दोन्ही पाकिटे काकूच्या कपाटात ठेवू. रविवारी शेवटचा पट पडेपर्यंत आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून जातील, तेव्हा घरी सांगून ये आणि जेवायलाच थांब.

तुझा,
काका