पुनर्विकासाचे नकाशे आणि हवामान धोरण

मुलुंडचे पालक यांस,

सप्रेम नमस्कार. आपली कन्या वास्तुकलेच्या पाचव्या वर्षाला आहे, पदवीनंतर तिला पुनर्विकासाचे नकाशे न काढता शहरांच्या हवामान धोरणावर काम करायचे आहे, आणि त्यामुळे पाच वर्षांचे शिक्षण वाया जाईल अशी भीती आपण पत्रात व्यक्त केली आहे. शिक्षण वाया जाणार नाही. मात्र त्या नकाशांकडे तिने इतक्यात पाठ फिरवू नये, असे माझे मत आहे.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट प्रत्यक्षात उतरते, किंवा अडते, ते विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील इमारत आणि भूखंडाची हद्द यांतले सामासिक अंतर, वाहनतळ, मोकळी जागा अशा रुक्ष कलमांत. तळघर भूखंडाच्या कडेपर्यंत नेले की पाणी मुरायला माती उरत नाही आणि ते सगळे रस्त्यावरच्या गटारात येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कोणतीच व्यवस्था पुरी पडली नसती. पण जुलैतल्या एरवीच्या पावसात सोसायटीच्या आवारात किती पाणी साचेल, हे बऱ्याच अंशी अशा एका नकाशावर ठरते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने आणलेल्या ‘इको-निवास संहिते’ने भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा घातली आहे, तो आकडा काचेचा आकार आणि छज्ज्याची खोली यांत उतरवून दाखवणारी व्यक्ती धोरणाच्या बैठकीत हवीच असते, आणि तिथे ती क्वचितच सापडते.

म्हणून दोन वर्षे तिने महापालिकेच्या मंजुरीचे काम करणाऱ्या कार्यालयात काढावीत, वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करावी आणि मग नगररचनेच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळावे. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ हे चांगले पर्याय आहेत. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत वास्तुकला व नियोजनाची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही असते. पगाराबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो: संशोधन संस्थांतील नेमणुका पुष्कळदा प्रकल्पापुरत्या असतात, तेव्हा पहिली काही वर्षे घरातून थोडा आधार द्यावा लागेल.

तूर्तास तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी कुर्ल्याचा, मिठीकाठचा एखादा पुनर्विकास निवडायला सांगावे. मान्य नकाशा आणि पावसाचे पाणी, दोन्ही एकाच कागदावर मांडता आले, तर मुलाखतीला नेण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.