उसाचं पाचट (वाळलेली पानं) ब्रिकेटवाल्याला (दाबून जळणाच्या विटा करणाऱ्याला) विकावं की खोडव्यात ठेवावं?

खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस, ठेवणार असाल तर विकू नका, आणि काडी तर मुळीच लावू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. जाळलं की नत्र आणि कर्ब धुरात, हाती नुसती राख. बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा. टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाकून पाणी द्या. युरिया कशाला? पाचटात कर्ब फार, नत्र कमी. युरिया नसेल तर कुजवणारे जिवाणू मग उसाच्या वाट्याचंच नत्र ओढतात. शिवाय पाचटाखाली तणही दबतं, ओल टिकते. (उंदीर होतील म्हणून शेजारी हसतील, हसू द्या.) खोडवा मोडून रान नांगरणार असाल, तर थोडं विकायला हरकत नाही.