सव्हानामध्ये (जॉर्जिया, अमेरिका) दोन दिवसांत कोणती ऐतिहासिक ठिकाणं बघावीत? सोबत आई-बाबा आहेत.

आम्ही अटलांटाला राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की सव्हाना ठरलेलंच, चारेक तासांचा ड्राइव्ह आहे. मागच्या खेपेला आई-बाबांनाच घेऊन गेलो होतो म्हणून लगेच लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे यादी करून टिका मारत फिरू नका. इथे बघायचं ते मुळात गावच. जेम्स ओगलथॉर्प नावाच्या इंग्रजाने १७३३ मध्ये वसवलं तेव्हाच ठराविक अंतरावर चौक सोडले, मधे झाडं, भोवती घरं आणि चर्च, गाव वाढलं तसे चौक वाढत २४ झाले आणि त्यातले २२ अजून आहेत. म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी सावली आणि बसायला बाक, आईबाबांना घेऊन फिरताना आणखी काय पाहिजे! सिटी हॉलसमोरून बुल स्ट्रीट धरा आणि सरळ फोर्सिथ पार्कपर्यंत जा, मैलभर असेल, वाटेत पाच चौक लागतात.

त्यातल्या राइट स्क्वेअरला जरा थांबा. इथल्या मूळ रहिवासी यामाक्रॉ लोकांचा प्रमुख टोमोचिची, ज्याच्यामुळे ओगलथॉर्पला इथे बस्तान बसवता आलं, त्याला १७३९ मध्ये इथे मानाने पुरलं होतं, आणि १८८३ मध्ये त्याच चौकाच्या मधोमध एका रेल्वेवाल्या बड्या माणसाचं स्मारक ठोकलं. टोमोचिचीच्या नावाने आता कोपऱ्यात ग्रॅनाइटचा एक धोंडा आहे, माहीत नसेल तर सरळ पुढे निघून जाल. चिपेवा स्क्वेअरला ‘फॉरेस्ट गम्प’ सिनेमातला टॉम हँक्सचा तो बाक शोधू नका, तो शूटिंगपुरता ठेवलेला होता. मॅडिसन स्क्वेअरला ग्रीन-मेल्ड्रिम हाउस आहे, अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेच्या फौजेचा जनरल शर्मन इथे उतरला आणि त्याने लिंकनला तार केली की ख्रिसमसची भेट म्हणून सव्हाना घ्या, सोबत कापसाच्या २५,००० गाठी.

आणि एकाच घरात आत जायचं असेल तर ओवेन्स-थॉमस हाउस. १८१९ चं, त्या काळी घरात पाइपने पाणी खेळवलेलं वगैरे, पण मागच्या अंगाला गुलामांच्या राहायच्या खोल्या आहेत आणि टूर तिथूनच सुरू होते, हे मला फार आवडलं. आत मान वर करून छताच्या लाकडांकडे बघा, फिकट निळा रंग आहे. भुतंखेतं लांब राहावीत म्हणून तिथल्या लोकांनी लावलेला. गाइड सांगत होती की असा रंग चुना, दूध आणि निळीपासून करायचे, मी आईला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, अरे मग आपल्याकडे पण चुन्यात नीळ घालूनच भिंती सारवायचे की! नंतर दिवाणखाना, झुंबर सगळं दाखवलं, पण आई अधूनमधून त्या निळ्या छताबद्दलच विचारत होती.

तसंच फ्रँकलिन स्क्वेअरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च. १८५९ ची इमारत, काळ्या लोकांनी स्वतः बांधलेली, बरेचसे गुलामच होते. तळघराच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत, पळून आलेले लोक खाली लपायचे आणि ती त्यांना हवेसाठी होती असं तिथे सांगतात. भुतांच्या टूरचे पैसे वाचवा आणि इथे द्या, माझं स्पष्ट मत.

शेजारच्याच एलिस स्क्वेअरची गोष्ट ऐका. १९५४ मध्ये तिथलं जुनं मार्केट पाडून चक्क पार्किंग गॅरेज बांधलं, पुढच्या वर्षी डेव्हनपोर्ट हाउस पण जाणार होतं तेव्हा सात बायका उभ्या राहिल्या, घर वाचवलं आणि हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन सुरू केलं. आज जे काही जुनं दिसतं त्यातलं बरंच त्यामुळे उरलंय. गॅरेज नंतर पाडलं आणि २०१० मध्ये चौक परत उघडला.

रिव्हर स्ट्रीट संध्याकाळी. पण बे स्ट्रीटवरून खाली उतरायच्या दगडी पायऱ्या भयंकर उभ्या आहेत आणि खालचा रस्ता जहाजांच्या तळाशी वजनाला भरून आणलेल्या दगडांचा, ओबडधोबड. बाबांचे गुडघे त्या रात्री बोलत होते, तेव्हा सिटी हॉलजवळची लिफ्ट विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी फोर्ट पुलास्की हा जुना किल्ला आणि टायबी बेटाचा समुद्र, अर्धा दिवस पुरतो.

जुलै-ऑगस्ट टाळा, घामाने हैराण व्हाल. आणि ओकच्या झाडांवरून ते करडं शेवाळ लोंबतं ना (शेवाळ नाहीये ते, अननसाच्या कुळातलं आहे), खाली पडलेलं उचलू देऊ नका, त्यात चावणारे बारीक किडे असू शकतात. आमच्या मातोश्रींनी गणपतीच्या डेकोरेशनला म्हणून पर्समध्ये गच्च भरून घेतलं होतं, गाडीत बसायच्या आधी सगळं काढायला लावलं, अटलांटा येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.