रोज थोडंतरी दुसऱ्यासाठी द्यायची सवय कशी लावावी? ठरवतो, पण आठवड्याभरात सुटते.

सुटते, कारण बहुतेक जण ‘उरलं की देऊ’ असं ठरवतात आणि उरत काहीच नाही. आधी बाजूला काढायचं, मग आपलं शिजवायचं. आपल्याकडे यासाठी जुनी रीत आहे, मूठ काढण्याची, म्हणजे शिजवण्याआधी मूठभर धान्य दुसऱ्यासाठी बाजूला ठेवण्याची. पणजीत १९०८ साली सुरू झालेल्या मुष्टिफंड या शिक्षणसंस्थेच्या नावातच ती मूठ आहे. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगांसाठी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभारला. त्यातून १९०८ मध्येच तळेगावचा काचकारखाना निघाला.

घरात करायचं ते असं. दोन किलोची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या आणि तांदळाच्या डब्याला अगदी चिकटून ठेवा. वरच्या फळीवर गेली की विसरलीच म्हणून समजा. कुकरसाठी तांदूळ काढला की धुण्याआधी, कोरड्या हाताने, एक मूठ बरणीत. मोठ्या माणसाची मूठ साधारण ३० ते ५० ग्रॅम भरते. तुमची किती भरते ते बघायला दहा मुठी एकदम काट्यावर टाका आणि दहाने भागा. महिन्यात २५ दिवस भात झाला तर साधारण किलोभर तांदूळ जमतो.

ओला हात बरणीत गेला की गुठळ्या होतात, मग बुरशी. म्हणून घरात तीन जण स्वयंपाक करत असतील किंवा पोळ्या-भाताला बाई येत असतील, तर बरणीतच एक छोटी वाटी टाकून ठेवा आणि ‘एक वाटी’ हेच माप सगळ्यांना सांगा. मूठ सुटण्याचं नेहमीचं कारण आळस नसतो. त्या दिवशी कुकर दुसऱ्याच कुणीतरी लावलेला असतो.

एका बरणीत एकच तांदूळ. कोलम, इंद्रायणी आणि बासमती एकत्र केलेत तर एक चिकट होईल, दुसरा मोकळाच राहील आणि घेणाऱ्याचा भात बिघडेल. डाळ हवी तर वेगळ्या डब्यात. पीठ नको. बाजरीचं तर काही दिवसांतच कडवट होतं.

बरणी महिन्याला रिकामी करायचीच. पावसाळ्यात दोन महिने ठेवलीत तर टोके पडतात, जाळ्या धरतात. कडुलिंबाचा सुकवलेला पाला टाकायला हरकत नाही, पण बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या अजिबात नकोत. तुम्हाला माहीत असतं की किती वेळा धुवायचं, घेणाऱ्याला नसतं.

आता द्यायचं कुठे? इथेच जास्त घोळ होतो. वसतिगृह किंवा वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर एका वेळी दहा-दहा किलो शिजवतं. तिथे तुमचा एक किलो नेऊन दिला तर त्यांना तो वेगळा ठेवण्याचाच त्रास. सोसायटीतली दहा-बारा घरं एकाच जातीचा तांदूळ काढायला तयार झाली तर मग जरूर न्या, आणि आधी फोन करून ‘सध्या काय लागतंय’ हे विचारा. तांदूळ भरपूर असेल आणि तेल संपलेलं असेल, असंही होतं. एकटेच असाल तर ओळखीतलं एखादं घर बघा, जिथे एका किलोने दोन दिवस निघतात. किराणा पिशवीत, चारचौघांसमोर नाही, आणि फोटो तर नाहीच.

आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना दिलेलं यात धरू नका, असं माझं मत. त्यांची पगारवाढ आणि दिवाळीचा बोनस हा हिशेब निराळा. फ्रिजमधली कालची भाजीही यात मोजायची नाही.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन मुठी टाकू नका. भरपाई सुरू झाली की उधारीसारखी ती साचत जाते, आणि चार दिवसांची थकली की माणूस बरणीकडे बघणंच सोडतो. चुकला तो चुकला, आज एकच मूठ.

भात रोज होत नसेल तर चहा ठेवताना दहाचं नाणं डब्यात टाका, महिन्याचे तीनशे होतात. बँकेतून आपोआप पैसे कापून जाण्याची सोय संस्थेच्या दृष्टीने उत्तम, ती चालू ठेवाच. पण त्यात पैसे जातात, हाताला सवय लागत नाही, आणि तुम्ही विचारलंय ते सवयीचं. घरात लहान मूल असेल तर मूठ त्यालाच काढू द्या. त्याची मूठ जेमतेम पंधरा-वीस ग्रॅमची, पण एखाद्या दिवशी तुम्ही विसरलात तर आठवण करून देणारं तेच असतं.